जुनं म्हणून दिलेलं गाणं

वच्छे, स्टँडवर तुझा फ्लेक्स लागला आहे. हिरवी साडी, डोक्यावर पदर, आणि फोटोवाल्यानं तुला हळद लावल्यासारखी उजळ केली आहे. खाली लिहिलं आहे, 'आपल्या गोड गळ्याने किन्हीराजाचे नाव सिनेमात नेणाऱ्या'. मी पिशवी खाली ठेवून ते दोनदा वाचलं. सिनेमात तुझा गळा नाही. तुला ते माहीत होतं, मला माहीत आहे, फ्लेक्स लावणाऱ्याला माहीत नाही. त्याला सांगायला तू उरली नाहीस आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

शाळेतले गुरुजी तुझ्या तेरवीला वाटायला छोटं पुस्तक काढत आहेत. माझ्या दारात आले नि म्हणाले, "द्रुपदाबाई, तुमची लग्नापासूनची मैत्रीण. चार शब्द लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई आहे आणि मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, खरं लिहा. आता त्यांनी तक्रार करू नये.

तू मायाळू होतीस, कष्टाळू होतीस, हे बाकीचे लिहितील. मी आपल्या भांडणाचं लिहिते. ते अर्धंच राहिलं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नात मुलाकडची पंगत बसली की मुलीकडच्या बायका उभ्या राहून विहिणीला गाण्यात चिडवतात. आता डीजेच्या आवाजात कोणी चिडवत नाही, पण आपल्या वेळी गाणं नसलं तर पंगत अळणी वाटायची. या गावात एकाही लेकीचं लग्न तुझ्यामाझ्याशिवाय झालं नाही. तू पुढं उभी राहायचीस, मी तुझ्या मागं. मला गळा नव्हता. फुटक्या घागरीतून पाणी काढल्यासारखा आवाज आहे, असं तूच म्हणायचीस. तुला ओळ सुचत नव्हती, हे मी म्हणायचे. पंगत बसली की मी विहिणीकडे नीट बघून घ्यायचे. कोण पापड आधी मोडतं, कोण नवऱ्याच्या ताटात डोकावतं, कोणाची नवी साडी सारखी घसरते. मग तुझ्या कानात ओळ सांगायचे. माझं तोंड मिटायच्या आत ती तुझ्या गळ्यातून सुरात बाहेर यायची. मधली शिवण कोणाला दिसायची नाही.

कधी एखादी विहीण रागावून ताटावरून उठायची. मग तिचा नवरा, दीर, सगळेच उठायचे आणि विचारायचे, हे कोणी रचलं? अशा वेळी तू एक वाक्य ठेवणीतून काढायचीस. "अवो बाप्पा, जुनं गाणं हाय हे. आमच्या आजीपासून चालत आलं. तुमच्यावर नाई." हात जोडायचीस, हसायचीस, नि पंगत परत बसायची. माझ्या सासऱ्यांना तर मरेपर्यंत कळलं नाही की तुझ्या तोंडातली अर्धी टवाळी त्यांच्या सुनेची आहे. कळलं असतं तर मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. त्या वाक्यानं तू मला किती वर्षं झाकलंस, ते मी विसरले नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

सिनेमात गेलं ते गाणं मी माझ्या लेकीच्या, सुनंदाच्या, लग्नात केलं. विहीण शेलूबाजारची, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. मी बुंदी वाढत होते. बघते तर बाईचं स्वतःच्या ताटाकडे लक्षच नाही, शेजारणीला किती बुंदी पडली ते मोजून राहिली. मी परात दुसऱ्या बाईच्या हातात दिली, तशाच तुपकट हातानं तुझ्या मागं येऊन उभी राहिले आणि कानात सांगितलं,

इहीण आमची बसली चंदनाच्या पाटावर,
नजर तिची गेली शेजारच्या ताटावर.
वाढ वो बाई वाढ, इहिणीले वाढ,
कोठीतली बुंदी आता बाहेर काढ.

मांडव हसून लोळला. अशी सात कडवी झाली. शेवटी मात्र मला पुढं चिडवता येईना. लेक समोर बसली होती, दुसऱ्या दिवशी जाणार होती. मी तुला सांगितलं,

हसलो बोललो बाई, विसरून जाय,
लाजऱ्या माह्या लेकीची आता तूच माय.

विहिणीनं डोळे पुसले आणि आपल्या ताटातली बुंदी सुनंदाला भरवली. सुनंदा त्या घरात सुखात आहे. बाकी सात कडवी जगानं नेली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

मग तो सिनेमाचा माणूस आला. चष्मा, पाठीवर पिशवी, बोलायला नरम. सिनेमाचं संगीत करणाऱ्या मोठ्या साहेबांसाठी गाणं शोधत गावोगाव फिरत होता. तालुक्याला, मालेगावात, कोणी तरी त्याला तुझं नाव सांगितलं. तुझ्या ओसरीत बसून त्यानं आपल्याला कॉम्प्युटरवर सिनेमातली पंगत दाखवली. बायका वाढत होत्या, त्यांची तोंडं हलत होती, पण आवाज नव्हता. म्हणाला, चित्र घेऊन झालं आहे, गाणं मिळत नाही. ही बाई भांडं घेऊन ज्या चालीनं चालते तिच्या पावलात बसणारं गाणं पाहिजे. मला वाटायचं आधी गाणं करतात आणि मग त्यावर नाचतात. यांचं उलटंच. झंपर शिवून तयार आणि त्यात मावणारी बाई शोधत फिरत होते.

तू गायला उभी राहिलीस, मी सवयीनं मागं. एक कडवं झालं आणि त्यानं हात वर केला. "मागच्या आजी, तुमची कुजबुज रेकॉर्ड होतेय. जरा बाहेर बसता का?"

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं तू म्हणशील, ही बाहेर तर मीही बाहेर.

"बस ना बाहेर, द्रुपदे," तू म्हणालीस. "मले पाठ हाय सारं."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. कोंबड्यांचा आवाज येतो म्हणून त्यानं दार लावून घेतलं. तुझी लेक मंदा हिनं मला तूर निवडायला दिली. सूप मांडीवर घेऊन मी बसले. आत तू गात होतीस, ते नुसतं घुमत होतं, शब्द कळत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझं गाणं दाराबाहेरून ऐकलं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड नव्या नवरीसारखं झालं होतं.

"काय झालं आत?"

"काई नाई. गायली आठ-दहा. त्याले पटले."

एवढंच. एरवी तू दुसऱ्याच्या घरी कोणती भाजी खाल्ली ते फोडणीपासून सांगणारी बाई. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

पुढचं मला शेलूबाजारात कळलं. सुनंदाच्या पुतण्याचं लग्न होतं. विहीण आता गुडघ्यांनी अधू झाली आहे, खुर्ची टाकून बसली होती, मी तिच्या शेजारी. डीजेवर धाडधाड काही तरी सुरू झालं आणि पोरीसोरी नाचायला धावल्या. आधी मला नुसता ठोका कळला. मग शब्द कळले. वाढ वो बाई वाढ.

विहिणीनं माझा दंड धरला. "द्रुपदाबाई! हे तं माह्यं गाणं हाय!"

"तुमचं कसं? म्या केलं."

"केलं तुमी, पण केलं तं माह्यावर ना? बुंदीकडं म्या पाह्यलं होतं. आता सारा मुलूख नाचून राह्यला माह्या बुंदीवर."

माझ्या नातीनं मोबाईल काढला. म्हणाली, "आजी, हे खूप हिट आहे. इथं लिहिलंय बघ. गीत, पारंपरिक."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुनं. कोणी केलं ते कोणालाच माहीत नाही."

"काहून माहीत नाई?" विहीण खुर्चीतून ओरडली. "ज्या बाईवर केलं ते अजून जित्ती हाय इथं!"

सगळे हसले. मीही हसले असते. पण मी शेवटच्या कडव्याची वाट बघत होते. ते आलंच नाही. त्याच्या जागी पुरुष होय होय करून ओरडत होते. आणि गाणारी तू नव्हतीस. कोणी तरी शहरातली होती, कोवळ्या आवाजाची, 'इहीण' म्हणताना जिची जीभ अडखळत होती.

दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरले ती घरी न जाता तुझ्या ओट्यावर आले. तू अंबाडीचा पाला खुडत होतीस.

"वच्छे, गाणं कोणाचं?"

तू वर बघितलं नाहीस. "तुह्यं."

"मंग त्याले जुनं काहून सांगतलं?"

"तुह्यं म्हटलं असतं तं त्यानं घेतलंच नसतं."

"नसतं घेतलं तं नसतं घेतलं."

"तुले काय जाते म्हणायले? तुह्या डोक्यात अजून चाळीस हायेत. माह्या गळ्याचे किती दिस राह्यले?"

"तुहा गळा तरी कुठी घेतला त्यायनं?"

तुझा हात थांबला. मी ते मुद्दाम म्हटलं होतं, लागावं म्हणून. तुला त्यानं सांगितलं होतं की आवाज तुझाच राहील. तू मंदाला, जावेला, अख्ख्या गल्लीला सांगून बसली होतीस. मग सिनेमा आला आणि त्यात तू नव्हतीस. ते गिळून तू गप्प बसली होतीस, आणि मी नेमकं तिथंच बोट घातलं. तरीही मी थांबले नाही.

"जुनं म्हणजे मेलेल्या बाईचं. तू मले जित्तेपणी मारलं, वच्छे."

"मोठी आली मरणारी," तू म्हणालीस आणि हसलीस. तुला वाटलं असेल, मी पण हसेन आणि संपेल. त्या हसण्यावर मी उठले.

त्यानंतर दीड वर्ष आपण बोललो नाही. तुझं दार माझ्या दारातून दिसतं. चक्कीवर तू पुढं असलीस तर मी दळण घेऊन परत फिरायचे. संक्रांतीला तू मंदाच्या हाती वाण पाठवलंस, मी ते तसंच परत केलं. तुझा दम वाढला हे मला खोकल्यावरून कळत होतं, कोणी सांगायची गरज नव्हती. गाणाऱ्या बाईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. मंदा आली आणि म्हणाली, "मावशी, आई बोलावते."

"तिले येता येत नाई का? पाय मोडले का तिचे?"

"तसंच समज," मंदा म्हणाली.

मी म्हटलं, बाजाराचा दिवस होऊ दे, मग येते. बाजाराच्या आदल्या दिवशी तू गेलीस. याचं मी इथं रडून दाखवणार नाही. माझा राग खरा होता. उशीर झाला म्हणून तो खोटा होत नाही.

तुझ्या पाचव्या दिवशी मंदा मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. त्या माणसानं त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग तिला देऊन ठेवलं होतं, तिनं ते आता पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, मावशी, तू ऐकच. तिला वाटलं, ऐकून माझं मन मोकळं होईल.

ऐकलं. तू पहिलं गाणं गायलीस. तो विचारतो, कोणी केलं? तू लगेच म्हणतेस, "हे द्रुपदेनं. तुमी बाहेर बसवली ना, तिनं." तो म्हणतो, मग हे ठेवता येणार नाही. करणारा माणूस जिवंत असला की त्याची सही लागते, सही आली की वकील येतो, वरचे लोक नको म्हणतात. तू दुसरं गातेस. तो परत विचारतो. "हे बी तिचंच." मग तो म्हणतो, "आजी, एखादं जुनं नाही का? जुनं असलं की कोणाचंच नसतं. बरं पडतं."

बाहेर कोंबडी ओरडते. मी तिथंच होते, सूप मांडीवर घेऊन.

मग तू ते गायलीस. पहिल्या ओळीपासून लेकीच्या कडव्यापर्यंत, एकही शब्द न गाळता. इतकं चांगलं तू सुनंदाच्या मांडवातही गायली नव्हतीस. मग त्यानं विचारलं, हे? आणि तू तेच वाक्य काढलंस. "जुनं हाय. आमच्या आजीपासून चालत आलं." ज्या वाक्यानं तू माझ्या सासऱ्यांपासून मला झाकलंस, तेच. इथं तर कोणी ताटावरून उठलेलं नव्हतं. मला कोणापासून झाकायचं होतं, वच्छे?

मंदा माझ्याकडे आशेनं बघत होती. आईनं दोनदा तुझं नाव घेतलं ना, मावशी, म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, पण तुला सांगते. मला ते दोनदा घेतलेलं नावच जास्त लागलं. घाबरून किंवा सवयीनं तोंडातून निघालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याचा धंदा कसा चालतो ते तुला दोन गाण्यांत समजलं, आणि तिसऱ्या वेळी तू माझं सगळ्यात चांगलं गाणं काढून त्याच्या पुढं ठेवलंस. मधे फक्त एक दार होतं. उघडून विचारायचंस. "द्रुपदे, देऊ का?" एवढंच. मी नाही म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून तू विचारलं नाहीस.

सहाव्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. तू गेल्याचं त्याला कळलं होतं. मंदाशी चांगलं बोलला, त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग म्हणाला, दुसरा एक सिनेमा आहे, दोन म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसल्या आहेत असं चित्र आहे, आईंचं काही जुनं असेल तर. मंदानं फोन माझ्याकडे दिला.

दीड वर्षात मी एक गाणं केलं होतं. समोरच्या दाराचं. ते तुझ्यावर होतं आणि गायला तूच हवी होतीस, म्हणून ते तसंच पडून होतं. मी त्याला ते माझ्या फुटक्या आवाजात नुसतं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "परत म्हणा." मी परत म्हटलं.

"आजी, हे फार भारी आहे," तो म्हणाला. "कोणाचं?"

"माह्यं."

"जुनं म्हणून दिलंत तर मी आजच वर पाठवतो. नक्की घेतील."

मी ताबडतोब नाही म्हटलं, असं लिहून मोठेपणा घेणार नाही. तेवढ्यात मला ते गाणं ऐकू आलं, वाजंत्रीसकट, कोणाच्या तरी चांगल्या गळ्यात, मालेगावच्या दुकानांतून, जीपमधून, शेलूबाजारच्या मांडवातून. लोक थांबून ऐकत होते. मला ते पाहिजे होतं, वच्छे. तोंडात शब्द आला होता. मंदा मान हलवून म्हण म्हण करत होती.

"नाई," मी म्हटलं. "द्रुपदाबाईनं केलं, किन्हीराजा, असं लिहा. नाही तं राहू द्या."

"विचारून सांगतो," तो म्हणाला. अजून फोन नाही. येणार नाही, मला समजतं.

मंदा रागावली. "मावशी, म्हणून टाकायचं होतं ना जुनं. कोणाचं काय गेलं असतं?"

त्या बंद दाराआड तुझ्यासमोर काय आलं होतं, ते आता मला कळलं. कळलं म्हणून माफ केलं असं समजू नको. तू हो म्हटलंस, मी नाही म्हटलं, एवढा फरक आपल्यात राहणारच.

गाणं माझं राहिलं, वच्छे. ऐकलं कोणी नाही.